नंबर नसलेली बंदूक आणि राज्याराज्यांचे कायदे: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या बंदूक कायद्यांवर थोडं लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये घोस्ट गनबद्दलचेच (म्हणजे सिरियल नंबर नसलेल्या बंदुकांबद्दलचे) प्रश्न सगळ्यात जास्त आहेत, काही घाबरून विचारलेले आणि काही चिडून. म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्यावरच. नावं छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, त्यामुळे कोणाचंच नाव देत नाही.

प्रश्न : डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीच्या सीईओचा खून झाला, त्यातलं पिस्तूल थ्रीडी प्रिंटरवर बनवलेलं घोस्ट गन असल्याचं पोलीस म्हणाले. आमच्या ऑफिसात सगळे सांगतात की असली बंदूक मेटल डिटेक्टरमध्ये दिसतच नाही. खरं आहे का? आणि म्हणजे ती आपल्या गावठी कट्ट्यासारखी असते का? (न्यू जर्सी)

उत्तर : नाही, इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय आणि ती जवळजवळ सगळीकडेच होते. डिटेक्टरला न दिसणारी बंदूक हा एक विषय आणि जिचा माग काढता येत नाही ती बंदूक हा दुसरा. पहिल्यावर १९८८ पासून केंद्राची बंदी आहे, बंदुकीत निदान ३.७ औंस स्टील असल्यावर डिटेक्टर जेवढा वाजेल तेवढा तो वाजलाच पाहिजे असा तो कायदा. घोस्ट गन ही दुसऱ्या प्रकारची. तिची नळी आणि वरचा सरकणारा भाग बहुतेक वेळा साधा स्टीलचाच असतो, डिटेक्टरमध्ये ती छान दिसते. तिच्यावर नसतो तो सिरियल नंबर. आणि गावठी कट्टा म्हणाल तर तसंही नाही, सुट्या भागांच्या किटमधून जोडलेलं पिस्तूल दुकानातल्या पिस्तुलाइतकंच नीट चालतं, फोटोत शेजारी ठेवली तर तुम्हाआम्हाला फरक कळणार नाही.

आता नंबर नाही तर एवढं काय बिघडलं, हे कळायला माग कसा काढतात ते बघायला हवं. लोकांना वाटतं पोलिसांनी कॉम्प्युटरमध्ये नंबर टाकला की मालकाचं नाव येत असेल. तसं अजिबात नाहीये. १९८६ च्या कायद्याने बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही करायलाच मनाई केलीय. त्यामुळे वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफचं (म्हणजे बंदुका बघणारं केंद्राचं खातं) जे ट्रेसिंग सेंटर आहे तिथले लोक नंबर हातात घेऊन आधी बनवणाऱ्या कंपनीला विचारतात, ती सांगते कोणत्या होलसेलरला दिली, होलसेलर सांगतो कोणत्या दुकानाला, आणि मग दुकानदार आपल्या फायलीतून तो ४४७३ नंबरचा फॉर्म शोधून काढतो ज्यावर गिऱ्हाइकाने सही केलेली असते. दुकान बंद पडलं असेल तर त्याच्या फायली खोक्यांत भरून मार्टिन्सबर्गलाच आलेल्या असतात आणि तिथे माणसं बसून त्या चाळतात, कारण स्कॅन केलेल्या कागदांतही नावावरून सर्च करायची सोय ठेवायला परवानगी नाही. इतकी किचकट साखळी, पण चालते, आणि ती सगळी त्या एका नंबरावर लटकलेली आहे. अक्षराची उंची इंचाचा सोळावा भाग आणि खोली ०.००३ इंच, एवढंच ते कोरीव काम. तेच नसेल तर पहिला फोन कोणाला करायचा हेच कळत नाही. २०१६ ते २०२१ या काळात गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या अशा सुमारे ४५ हजार संशयित बंदुकांची माहिती पोलिसांकडून एटीएफला गेली, त्यातल्या विकत घेणाऱ्या माणसापर्यंत माग पोचला तो शंभरात एक सुद्धा धड नाही.

प्रश्न : मी ऐकलंय की अमेरिकेत घरच्या घरी बंदूक बनवणं कायदेशीरच आहे. मग राज्यं त्याला बंदी कशी घालतात? आणि सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये निकाल दिला ना, मग आता राज्यांच्या कायद्याची गरज काय उरली? (ऑस्टिन)

उत्तर : तुमचं पहिलं वाक्य केंद्राच्या कायद्यापुरतं बरोबर आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने नंबर कोरायचं बंधन घातलं ते लायसन्सवाल्या उत्पादकांवर आणि आयात करणाऱ्यांवर. धंदा म्हणून नाही, स्वतःसाठी एखादी बनवतोय अशा माणसाला त्यात पकडलेलं नाही, आणि तेव्हा ते ठीकच होतं कारण घरी बंदूक बनवायची तर लेथ, मिलिंग मशीन आणि ते चालवायचा हात लागायचा. किती लोक करणार होते ते.

सगळं बदललं ते किटमुळे. कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे तिची फ्रेम किंवा रिसीव्हर, ज्यात बाकीचे भाग बसतात तो मूळ सांगाडा. मग कंपन्यांनी काय केलं, तो सांगाडा थोडासा अर्धवट ठेवून विकायला सुरुवात केली, ऐंशी टक्के तयार म्हणून, आणि म्हणाल्या की ही बंदूक नाहीच, हा नुसता प्लॅस्टिकचा तुकडा आहे, म्हणून नंबर नको, बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याच्या गुन्ह्यांची वगैरे तपासणी) नको, लायसन्स नको, क्रेडिट कार्ड द्या आणि कुरिअरने घ्या. नेवाडातल्या पॉलिमर८० कंपनीच्या एका किटमध्ये तर पिस्तुलाचा एकूण एक भाग एकाच खोक्यात यायचा. ते किट आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेल्या माणसाने घरगुती हत्यारांनी २१ मिनिटांत जोडलं, हे सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात लिहिलेलं आहे. एकवीस मिनिटं! याला अर्धवट वस्तू म्हणायचं असेल तर मग शब्दांना अर्थच उरत नाही असं मला मनापासून वाटतं.

एटीएफने एप्रिल २०२२ मध्ये नियम जाहीर केला आणि ऑगस्ट २०२२ पासून तो लागू झाला की सहज जोडता येणारं किट ही बंदूकच धरायची, त्यावर नंबर हवा, विकणाऱ्याकडे लायसन्स हवं, घेणाऱ्याचा बॅकग्राउंड चेक हवा. टेक्सासमधल्या फेडरल जज्जने २०२३ मध्ये तो रद्द केला, प्रकरण वर गेलं आणि २६ मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ अशा मतांनी नियम टिकवला. निकाल जस्टिस गोर्सच यांनी लिहिलाय, ज्यांना कोणी बंदूकविरोधी म्हणणार नाही.

पण म्हणून राज्यांचं काम संपलं का, तर बिलकुल नाही, आणि तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग हाच आहे. एक तर तो नियम विकणाऱ्याला बांधतो. आधीच घरात असलेल्या बिननंबरी बंदुकीबद्दल किंवा स्वतःच्या प्रिंटरवर स्वतःसाठी फ्रेम छापणाऱ्याबद्दल तो फार काही करू शकत नाही, कारण मूळ १९६८ च्या कायद्यातच ते नाही. दुसरं, तो नियम आहे, काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) केलेला कायदा नाही, एका सरकारने केला तसा पुढचं सरकार तो बदलू शकतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून मागच्या सरकारच्या बंदुकांविषयीच्या नियमांची तपासणी करायला सांगितलेलं आहेच. तिसरं, कोर्टापुढे प्रश्न एवढाच होता की १९६८ च्या कायद्याच्या शब्दांत हा नियम बसतो का. दुसऱ्या घटनादुरुस्तीतल्या बंदूक बाळगायच्या हक्काचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

तेव्हा मधली मोकळी जागा भरायची ती राज्यांनी. आजघडीला पंधराएक राज्यांनी काही ना काही केलंय, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्येच कायदा केला की बंदूक बनवायच्या आधी राज्याच्या न्याय खात्याकडे अर्ज करून नंबर घ्या, तो जुलै २०१८ पासून लागू झाला, पण तेव्हा किट मात्र खुलेआम विकलं जात होतं, म्हणजे दार बंद आणि खिडकी सताड उघडी. लोकांनी किट घेतली, नंबरासाठी अर्ज कोण करतंय. शेवटी २०२२ मध्ये त्यांना परत नवा कायदा करून अर्धवट फ्रेमची विक्रीच आवळावी लागली. न्यू जर्सीने २०१८ मध्ये उलट टोकाने सुरुवात केली, नंबर नसलेली बंदूक बनवण्यासाठी भाग विकत घेणं हाच गुन्हा. माझ्या मते हेच बरोबर आहे. बंदूक जोडून झाल्यावर ती शोधत बसण्यापेक्षा विक्रीच्या जागी अडवणं केव्हाही सोपं, कारण विकणारे मोजके असतात, त्यांचा पत्ता असतो आणि त्यांच्यावर केस करता येते. लॉस एंजेलिस शहराने पॉलिमर८० वर केस केली होती, २०२३ मध्ये कंपनी आणि तिच्या दोन संस्थापकांनी मिळून ५० लाख डॉलर भरायचं कबूल केलं आणि नंबराशिवाय कॅलिफोर्नियात किट विकणार नाही हेही.

प्रश्न : आम्ही टेक्सासमधून कॅलिफोर्नियाला शिफ्ट होतोय. नवऱ्याने बऱ्याच वर्षांपूर्वी किट मागवून गॅरेजमध्ये एक पिस्तूल जोडलं होतं, नंबर वगैरे काही नाही. तो म्हणतो सामानात टाकू, कोण बघतंय. मला रात्रीची झोप नाही. (डॅलस)

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे आणि कृपया हे उत्तर त्यांना वाचायला द्या. टेक्सासमध्ये घोस्ट गनसाठी वेगळा राज्य कायदा नाही, त्यामुळे आज तुमच्या गॅरेजमध्ये जी वस्तू पडून आहे तिच्यामुळे तुम्ही गुन्हेगार होत नाही. तीच वस्तू ट्रकमध्ये घालून राज्याची सीमा ओलांडली की हिशोब बदलतो, कॅलिफोर्नियात नंबर नसलेली बंदूक जवळ बाळगणं हाच गुन्हा. मला माहीत नव्हतं, आम्ही नवीन आहोत, हे कारण पुढे कामाला येत नाही. आणि कोण बघतंय म्हणाल तर घरी चोरी झाली, भांडण झालं, साधा ट्रॅफिक स्टॉप झाला तरी बघितलं जातं.

निघायच्या आधी तिथेच तिची सोय लावा. लायसन्सवाल्या डीलरने अशी बंदूक आपल्या स्टॉकमध्ये घेतली तर २०२२ च्या नियमाप्रमाणे त्याला तिच्यावर सात दिवसांत नंबर टाकावा लागतो, त्यामुळे सगळेच डीलर हो म्हणत नाहीत, पण विचारा, विकून टाका. एक लक्षात ठेवा, टेक्सासमध्ये नंबर टाकून घेतला म्हणजे कॅलिफोर्निया ते पिस्तूल डोळे मिटून आत घेईल असं नाही, पिस्तुलांसाठी तिथले इतर नियम आणखी कडक आहेत. ठेवायचंच असेल तर कॅलिफोर्नियातल्या बंदूक कायद्याच्या वकिलाला आधी फोन, मग पॅकिंग. हेच इलिनॉय, कोलोराडो, मेरीलँड, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स इथे जाणाऱ्यांनीही. इलिनॉयने मे २०२२ मध्ये कायदा केला तेव्हा जुन्या बंदुकांवर नंबर टाकून घ्यायला १८० दिवस दिले होते, कोलोराडोची मुदत १ जानेवारी २०२४ पर्यंत होती. त्या सवलती कधीच संपल्या.

प्रश्न : मुलगा कॉलेजात आहे, आम्ही अजून एच-वन-बी वर, तो एच-फोर वर. त्याच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, ड्रोनचे पार्ट वगैरे बनवत असतो. परवा त्याच्या टेबलावर एक पिस्तुलाच्या मुठीसारखा तुकडा दिसला, म्हणाला गंमत म्हणून छापला, गोळी तर घालता येत नाही. यात काही धोका आहे का? (न्यू जर्सी)

उत्तर : आहे, खूप मोठा आहे, आणि आलेल्या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या पत्राची वाटली.

वर म्हटलं तसं कायद्यासाठी फ्रेम म्हणजेच बंदूक. नळी नाही, ट्रिगर नाही, गोळी नाही, तरी फ्रेम पुरेशी तयार असेल तर टेबलावर बंदूक ठेवलीय असंच धरतात. तो तुकडा नेमका काय आहे हे मला तुमच्या वर्णनावरून सांगता येणार नाही, खेळण्यातला असेल तर उत्तमच, पण खरा असेल तर दोन कायदे एकदम अंगावर येतात. न्यू जर्सीत लायसन्स नसताना थ्रीडी प्रिंटरवर बंदूक किंवा तिचे असे भाग बनवणं गुन्हा आहे, इतकंच नाही तर ती छापायची डिजिटल फाइल लायसन्स नसलेल्या माणसाला पाठवणं हासुद्धा २०१८ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे मित्रांच्या ग्रुपवर फॉरवर्ड केली तरी.

आणि दुसरा केंद्राचा. नॉनइमिग्रंट (म्हणजे तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाने, मग तो एच-वन-बी असो, एच-फोर असो, एफ-वन असो, बंदूक बाळगायचीच नाही असा सरळ कायदा आहे, शिकारीचं चालू लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक ठेवता येते पण त्यांनीही ऐकून ठेवा, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर इमिग्रेशन कायद्यात ते देशाबाहेर काढायचं स्वतंत्र कारण आहे आणि त्यात बंदुकीचा नुसता भागही मोजला जातो. अमेरिकन मित्रासोबत त्याने हा उद्योग केला तर मित्राचं एक वेळ निभावेल, तुमच्या मुलाचं सगळं आयुष्य उलटंपालटं होईल.

ओरडू नका त्याच्यावर, पण आजच बोला. आणि घाबरून तो तुकडा मोडून कचऱ्यात टाकायचा किंवा लॅपटॉप पुसायचा असलं काही करायच्या आधी एका क्रिमिनल डिफेन्स वकिलाशी बोला ज्याला इमिग्रेशनचंही कळतं, पुढे काय करायचं ते तोच सांगेल. मेसेज करून कोणाला सल्ला विचारू नका. प्रिंटर काढून घ्यायची काही गरज नाही, ड्रोन बनवू दे की.

प्रश्न : मी स्वतः नागरिक आहे, बंदूक ठेवतो, रेंजवर जातो. माझा अनुभव असा की कायदे पाळणारा पाळतोच आणि गुन्हेगार कधीच पाळत नाही. ज्याला खून करायचाय तो नंबर खोडून पण करेल. मग हौसेने बंदूक जोडणाऱ्या साध्या माणसाच्या मागे का लागायचं? दुसरी घटनादुरुस्ती कशासाठी आहे? (फिनिक्स)

उत्तर : तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. हौशी लोक आहेत, त्यातले बहुतेक कोणाला त्रास देत नाहीत, आणि तुमच्यासारख्यांना चोरासारखं वागवणारा कायदा चांगला नव्हेच. पण गुन्हेगार कायदा पाळत नाही म्हणताना एक गोष्ट निसटते, दुकानातला चेक गुन्हेगाराने पाळायचा नसतो, तो दुकानदाराने करायचा असतो. आणि तो चेक अडवतो म्हणूनच तर काही लोक किटकडे वळले. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात २०१३ मध्ये पाच जणांना मारणाऱ्या तरुणाने आधी रीतसर बंदूक घ्यायचा प्रयत्न केला होता, राज्याच्या न्याय खात्याने २०११ मध्ये त्याला नाही म्हटलं होतं. मग त्याने भाग जमवून एआर-१५ रायफल जोडली. कॅलिफोर्नियातच रँचो तेहामात नोव्हेंबर २०१७ मध्ये ज्याने बायकोसकट पाच जणांना मारलं त्याला कोर्टाने बंदुका ठेवायला मनाई केलेली होती, त्याच्या रायफली घरी जोडलेल्या होत्या. सांता क्लॅरिटातल्या सॉगस हायस्कूलमध्ये २०१९ साली १६ वर्षांच्या मुलाने दोन विद्यार्थ्यांना मारून स्वतःला संपवलं, हातात किटमधलं बिननंबरी पिस्तूल. या तीन ठिकाणी दुकानाचा दरवाजा बंदच होता किंवा असायला हवा होता, आणि बाजूने रस्ता मोकळा होता. मला हे वाचताना प्रत्येक वेळी त्रास होतो कारण पहिल्या घटनेत तर यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं.

नंबर खोडायचं म्हणाल तर खोडलेला नंबर लॅबमध्ये काही वेळा परत वाचता येतो, आणि खोडलेल्या नंबराची बंदूक बाळगणं केंद्राच्या कायद्यात वेगळा गुन्हा आहे. मुळात नसलेल्या नंबराला यातलं काहीच लागू होत नाही.

राज्यघटनेचा प्रश्न मात्र तुम्ही म्हणता तसा आहेच, तो अजून सुटलेला नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर बंदुकीच्या प्रत्येक कायद्याला विचारलं जातं की देशाच्या इतिहासात याच्यासारखं काही होतं का. डेलावेअरने २०२१ मध्ये कायदा केला, त्यातली बनवण्यावरची आणि बाळगण्यावरची बंदी फेडरल जज्जने २०२२ मध्ये थांबवली, विक्री-वाटपावरची बंधनं तशीच चालू ठेवली. नेवाडाच्या २०२१ च्या कायद्यातला काही भाग खालच्या कोर्टाने अर्धवट फ्रेम म्हणजे नक्की काय हे स्पष्ट नाही म्हणून रद्द केला होता, एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने तो परत आणला. डेलावेअरच्या निकालावरूनही मला तेच दिसतं, विक्रीवर नियंत्रण टिकायला सोपं, घरात काय बनवलं यावर सरसकट बंदी टिकायला अवघड. म्हणून एखाद्या राज्याने मला विचारलं तर मी म्हणेन हौशी माणसाला बनवू द्या, पण फ्रेम घेताना त्याचा चेक होऊ दे आणि डीलरकडून नंबर कोरून घेऊ दे. तुमच्यासारख्याला यात एक चक्कर आणि थोडी फी यापलीकडे काय जातं ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. पटवून द्या, पत्र छापू.

थ्रीडी प्रिंटिंगचं कोडं मात्र यातूनही सुटत नाही हे मान्य करते. तिथे विकणाराच नसतो.

प्रश्न : फिलाडेल्फियाने घोस्ट गनवर बंदी घातली असं वाचलं होतं, मग आमच्या गावाने, म्हणजे पिट्सबर्गच्या जवळ, का नाही घालायची? कौन्सिलरला पत्र लिहू का? (पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : लिहा, पण त्याच्या आधी तुमच्या स्टेट रिप्रेझेंटेटिव्हला आणि सेनेटरला लिहा. पेनसिल्व्हेनियात शहरांनी बंदुकीवर स्वतःचे नियम करायला राज्याच्याच कायद्याने मनाई आहे, फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये वटहुकूम केला तो या मनाईच्या छायेतच. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला असं करता आलं कारण तिथे शहरांना जास्त मोकळीक आहे. तुमच्याकडे किल्ली राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला आहे. पत्रात नुसतं बंदी घाला लिहू नका, अर्धवट फ्रेमच्या विक्रीवर बॅकग्राउंड चेक आणि नंबर मागा, विरोधी बाजूचे काही लोकही तेवढ्याला हो म्हणू शकतात.

प्रश्न : भाड्याने दिलेल्या घराच्या गॅरेजमध्ये भाडेकरू गेल्यावर एक खोकं सापडलं, त्यात पिस्तुलाचे सुटे भाग आणि एक अर्धवट प्लॅस्टिकची फ्रेम. आम्ही काय करायचं? (शिकागोजवळ)

उत्तर : हात लावू नका, जोडून बघू नका, गाडीत घालून पोलीस स्टेशनला तर अजिबात नेऊ नका, कारण वाटेत ती तुमच्या ताब्यात आहे असं होईल. खोलीला कुलूप लावा, पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरला फोन करून काय सापडलंय आणि कुठे ते सांगा आणि ते येऊन नेतील तोपर्यंत थांबा. नेल्याची लेखी पावती मागून घ्या आणि भाडेकराराच्या फायलीत लावून ठेवा.